यंत्राला मुखत्यारपत्र, जबाबदारी कोणाची?

संगणकाच्या बाजारात सध्या 'एआय एजंट'चा मोठा बोलबाला आहे. मायक्रोसॉफ्टने 2023 साली 'कोपायलट स्टुडिओ' आणला, सेल्सफोर्सने 2024 साली 'एजंटफोर्स'. या कंपन्या आपल्या ग्राहकांना, म्हणजे बँका, विमा कंपन्या, कारखानदार, सरकारी खाती यांना सांगतात की, तुमचा एजंट तुम्हीच तयार करा. साध्या भाषेत सूचना लिहायच्या, आपली कागदपत्रे जोडायची, कोणती कामे करू द्यायची ते ठरवायचे आणि त्याला कामाला जुंपायचे! मग तो तक्रारींना उत्तरे देतो, अर्ज तपासतो, पुढे पाठवतो किंवा बाजूला सारतो.

सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारत नाही. एखादे छोटे वसतिगृहही शिष्यवृत्तीचे नियम समजावणारा एजंट उभा करू शकेल. पण वकिलाला पहिला प्रश्न पडतो तो असा की, हा एजंट चुकला तर कोर्टात उभे कोणाला करायचे?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 182 प्रमाणे एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करण्यास नेमलेली व्यक्ती. यंत्र व्यक्ती नाही. त्याला समन्स बजावता येत नाही, दंडही करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 11 तर स्पष्टच आहे. आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पाठवलेला मजकूर, ज्याने ती यंत्रणा तशी बसवली त्याचाच मानला जातो. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

पण यंत्र विकणाऱ्याचे काय? तो म्हणणार, सूचना ग्राहकाने लिहिल्या. ग्राहक म्हणणार, यंत्र कंपनीचे! या टोलवाटोलवीत अर्जदार मात्र भरडला जातो. अमेरिकेत वर्कडे कंपनीची प्रणाली वापरून मालक नोकरीचे अर्ज चाळतात. शंभराहून अधिक ठिकाणी नाकारल्या गेलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका कृष्णवर्णीय अर्जदाराने 2023 साली मालकांवर नव्हे, वर्कडेवरच दावा लावला. जुलै 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने मालकांची 'एजंट' या नात्याने कंपनीवर दावा पुढे चालू शकतो, असे ठरवले. हा अंतिम निकाल नव्हे, पण दार उघडले आहे.

आपल्या समाजाचा संबंध इथेच येतो. सूचनेत 'जात पाहा' असे कोणी लिहिणार नाही. 'आमच्या संस्थेला साजेसे उमेदवार निवड' एवढी एक ओळ आणि सोबत जुन्या निवडींचे दाखले पुरेसे आहेत. आडनाव, गाव, वस्ती, शाळा, शिक्षणातला खंड यांतून यंत्र उरलेले काम करू शकते. पूर्वी निदान छाननी करणाऱ्या साहेबाची उलटतपासणी घेता येत होती!

नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 ने अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणे गुन्हा ठरवले आहे. कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध असे कृत्य झाले, तर ते अस्पृश्यतेमुळेच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. पण आधी कृत्य तर सिद्ध झाले पाहिजे! आपला अर्ज यंत्राने बाजूला सारला, हे अर्जदाराला कळणार कसे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. निर्णयात यंत्राचा हात असेल तर अर्जदाराला तसे लेखी कळवावे. एजंटला दिलेल्या सूचना, त्यांतील बदल आणि प्रत्येक निर्णयाची नोंद जतन करावी व न्यायालयाने मागताच हजर करावी. फेरविचार माणसानेच करावा. बनवू देणारी कंपनी आणि कामाला लावणारा ग्राहक, दोघांनाही जबाबदार धरावे.

सरकारी खात्यांपुरते हत्यार आजच आपल्या हाती आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 कामकाजासाठी वापरले जाणारे नियम व सूचना स्वतःहून प्रसिद्ध करायला आणि बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे द्यायला सांगते. एजंटला दिलेली सूचना ही सूचनाच आहे. कर्मचारी संघटनांनी, वकील मित्रांनी आणि कार्यकर्त्यांनी खात्याखात्यात अर्ज टाकून ती मागावी. यंत्र नवे असेल, पण त्याच्या आड दडणारा मालक जुनाच आहे!