लाखोळीचा गुन्हा काय होता?

पोषण महिना लागला की आमच्याकडे भादव्यात सात्या (रानातली अळंबी) उगवाव्यात तशी व्याख्यानं उगवतात. फरक इतकाच, की सात्यांना चव असते.

असंच एक व्याख्यान परवा चंद्रपुरात ऐकलं. वक्ते शिकलेले, निवृत्त, कळकळीचे. त्यांचं नाव मी सांगणार नाही. हे एकट्या त्यांचं मत असतं तर लेख लिहायची गरजच नव्हती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भुकेचा प्रश्न रेशनने सुटला, आता उरलं आहे ते अज्ञान. गडचिरोलीचा माणूस तिन्ही त्रिकाळ भात खातो, डाळ खात नाही, दूध पीत नाही, हाताशी असलेली रानभाजी विसरला. तेव्हा ग्रामपंचायतींनी आहार बदलण्याचे ठराव करावेत, अंगणवाडीताईंनी घरोघर जाऊन ताटं तपासावीत, आणि ज्या गावांत ताट बदललं त्यांना जादा निधी मिळावा. फिनलंडातल्या एका प्रांताने लोणी सोडलं आणि तिथला हृदयविकार घटला. मग आपल्याला काय धाड भरली आहे? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात आयोजकांनी दिलेला समोसा होता आणि त्यातून तेल निथळत होतं.

‘डाळ खात नाही’ हे वाक्य मात्र माझ्या घशात अडकलं आहे. बाकीच्या मुद्द्यांचं नंतर बघू.

झाडीपट्टीतला माणूस डाळ खात होता. ती डाळ लाखोळीची. आश्विन-कार्तिकात धान बांधीत उभं असतं, खाली चिखलाची ओल असते, तेव्हा उभ्या धानातच लाखोळीचं बी शिंपून द्यायचं. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापलं की खालची लाखोळी मोकळी होते आणि त्याच ओलीवर वाढते. कोवळा पाला भाजीला, उरलेला वाळवून उन्हाळ्यासाठी, दाण्याची डाळ, डाळीचं पिठलं आणि वडे, भुसा बैलाला. ज्याच्याकडे दीड एकराची बांधी आहे आणि विहीर नाही त्याला याहून स्वस्त डाळ कोणी देऊन दाखवावी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या होतं.

मग १९६१ साली सरकारला शोध लागला, की हे विष आहे. अन्नभेसळीच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीला बंदी आली. महाराष्ट्राने ती उठवली २००८ साली. मधली सत्तेचाळीस वर्षं आमच्या भागातला शेतकरी आपल्याच शेतातली डाळ बाजारात मांडताना चोरासारखा इकडेतिकडे बघत होता. पिकवायला कोणी हात धरत नव्हतं, पण जे विकता येत नाही ते माणूस किती दिवस पेरणार? शिवाय शाळामास्तर, ग्रामसेवक, दवाखान्यातले डॉक्टर, सगळे एका सुरात सांगत: लाखोळी खाऊ नका, पाय लुळे पडतात. लोकांनी ऐकलं. स्थानिक प्रशासनाने लोकांच्या खाण्याच्या सवयी बदलण्याचा यशस्वी प्रयोग पाहायला आमच्या वक्त्यांनी फिनलंडपर्यंत जायची गरज नव्हती. तो इथेच होऊन गेला, आणि त्याचं फळ म्हणजेच ते ‘डाळ खात नाही’.

आता कोणी म्हणेल, विष तर होतंच ना. होतं. नाकारत नाही. लाखोळीत एक द्रव्य असतं आणि महिनोन्‌महिने मुख्यतः तीच खाल्ली तर पायांतलं बळ कायमचं जाऊ शकतं. हे जगाला फार जुनं ठाऊक आहे. जर्मनीतल्या वुर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ साली पावाच्या पिठात हे धान्य मिसळायला मनाई केली होती. पण पाय कोणाचे गेले ते नीट बघा. विंध्य प्रदेशात, रीवा-सतनाकडे, शेतावरच्या बांधील मजुराला मालक मजुरी म्हणून लाखोळीचे दाणेच मोजून देत असे. दुष्काळात त्याच्या घरात दुसरा दाणा नसे. तो सकाळी तेच खाई, संध्याकाळी तेच. म्हणजे विष डाळीत जेवढं होतं त्याहून जास्त त्या मजुरीत होतं. सरकारने काय केलं? मजुरी तशीच राहिली, बंदी डाळीवर आली. मालकाला हात लावण्यापेक्षा दाण्याला हात लावणं केव्हाही सोपं.

आणि आमच्याकडे भाताबरोबर वाटीभर डाळ खाणाऱ्या बायकांना यातलं काही कळत नव्हतं असंही नाही. माझी आई डाळ रात्रभर भिजवायची, ते पाणी ओतून द्यायची, पुन्हा उकळायची, ते पाणीही ओतून द्यायची. का, असं विचारलं तर म्हणायची, ‘मायनं सांगलं हाय.’ त्या द्रव्याचा बराचसा भाग पाण्यात उतरतो, हे प्रयोगशाळेने सांगितलं ते पुष्कळ नंतर. पुढे या डाळीसाठी नागपूरच्या एका अभ्यासकाला उपोषणाला बसावं लागलं. शेतीशास्त्रज्ञांनी ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे कमी विषाचे वाण काढले. हे सगळं घडूनही पोषण महिन्याच्या फलकांवर मी आजवर लाखोळीचं चित्र पाहिलेलं नाही. तिथे ब्रोकोली असते. गडचिरोलीत! छापणाऱ्याला इंटरनेटवर तेच चित्र मिळालं असणार.

आता फिनलंड. नॉर्थ कारेलियाचं उदाहरण वक्त्यांनी अर्धंच वाचलं आहे. १९७१ साली तिथल्याच लोकप्रतिनिधींनी हेलसिंकीला अर्ज केला होता, की आमची माणसं तरुणपणी हृदयविकाराने मरताहेत, काहीतरी करा. १९७२ साली काम सुरू झालं ते त्या मागणीवर. लोण्याला नावं ठेवून ते थांबले नाहीत. दुग्धशाळांकडून कमी स्निग्धांशाचं दूध काढून घेतलं, सॉसेज करणाऱ्यांकडून चरबी कमी करवून तिच्या जागी अळंबी घालून घेतली, दुधावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत केली. म्हणजे आधी दुकान आणि शेत बदललं, मग ताट. आमच्याकडे दुकान तेच, शेत तेच, आणि ताट बदला म्हणून फर्मान. अळंबीचा तेवढा योग जुळतो. सात्या आमच्याकडे फुकट आहेत.

रानभाजी लोक विसरले, हे तर धडधडीत खोटं. कृषी खाते ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतं, तेव्हा तिथे तरोटा, वास्ते आणि कुड्याची फुलं घेऊन कोण येतं? तीच ‘विसरलेली’ बाई. वर्षभर वनरक्षक तिला जंगलातून हाकलतो आणि एक दिवस साहेब तिच्या टोपलीजवळ उभे राहून फोटो काढतात. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे तर मोह वेचायला, तेंदूपान तोडायला गेलेली बाई संध्याकाळी परत येईल याची घरच्यांना खात्री नसते. वाघाने मारलेल्या माणसांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तिला म्हणायचं, बाई गं, रानात जा, लोह असतं त्यात.

दुधाचं म्हणाल तर इथल्या माडिया आदिवासींची जुनी धारणा अशी, की गाईचं दूध वासराचं. याला अज्ञान म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं.

अंड्याचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे काढून घेतले. अंडं द्यायचंच असेल तर शाळेने लोकवर्गणी काढावी म्हणे. आमच्याकडच्या पोरांना अंड्याची सवय लावावी लागत नाही. सवय खजिन्याला लावावी लागेल.

तांदळाचं प्रकरण मात्र गंभीर आहे. भात हा आमचा जुना आहार, पण तो असा पांढरा कधी नव्हता. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा तांबूस थर राहायचा, त्यात लोह आणि जीवनसत्त्वं असायची. गिरणी आली, रेशन आलं, तांदूळ चकचकीत झाला, कोंडा तेलाच्या कारखान्याला गेला. रक्तातलं लोह कमी झाल्यावर सरकारने लोह कारखान्यात बनवून परत तांदळात मिसळलं. शंभर दाण्यांमागे एक दाणा असा हा पोषणयुक्त तांदूळ. २०१९ साली देशभरात त्याचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता गडचिरोली. सिकलसेलचे रुग्ण घरोघर आहेत असा हा जिल्हा, आणि लोह मिसळलेल्या अन्नाच्या पिशवीवर तेव्हाच्या नियमाने इशारा छापावा लागे, की सिकलसेलच्या रुग्णाने हे खाऊ नये. रेशनच्या दुकानात पोतं उघडून तोलून देतात. पोत्यावरचा मजकूर पोत्याबरोबर गोदामात राहतो. पुढे तज्ज्ञांनी सांगितलं म्हणे, की फारसा धोका नाही. नसेलही. पण बायका ते वेगळे दिसणारे दाणे ‘प्लास्टिकचे’ म्हणून सुपात निवडून फेकत होत्या, तेव्हा त्यांना हसणाऱ्यांनी एवढं सांगावं: त्यांच्या भाषेत, माडियात किंवा गोंडीत, त्यांना आधी कोणी काही सांगितलं होतं का?

इथे एक जुनं भांडण आठवल्याशिवाय राहवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. त्या सहा वर्षांत हेच व्याख्याते गृहस्थ (हेच, किंवा यांच्यासारखेच, त्या काळात ते पुष्कळ होते) आम्हाला बजावत होते, की माणसाने काय प्यावं हे सरकारने ठरवू नये, तो व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मी तेव्हा बंदीच्या बाजूचा होतो, आजही आहे. म्हणजे पेल्यात नाक खुपसणं हुकूमशाही, आणि आदिवासीच्या ताटात खुपसणं लोककल्याण! पेला बहुधा आपल्यासारख्यांचा असतो म्हणून असेल.

‘मग तुम्ही तरी कुठे सुसंगत आहात?’ असा उलटा प्रश्न येईल, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. ती दारूबंदी कोणी व्यासपीठावरून सुचवलेली नव्हती. २०१० साली बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या होत्या. त्यांच्या घरातलं त्यांनी मागितलं. पुढे तिची अंमलबजावणी फसली, चोरटी दारू आली, हे सगळं खरं. पण मागणी त्यांचीच होती. भात कमी करा म्हणून कोणत्या गावच्या बायका कुठे चालत गेल्या ते मला दाखवा, मी या लेखाबद्दल जाहीर माफी मागतो.

बरं, तुमचं म्हणणं काय ते सांगा, असं वाचक म्हणतील. सांगतो, थोडकंच आहे. स्थानिक शासनाने लोकांचा आहार बदलूच नये असं मी म्हणत नाही. पण स्थानिक शासन म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणची कचेरी, हे मला मान्य नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं, सर्वसहमतीने दारू बंद केली आणि २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तो २०१२ साली मिळवला, आणि मग चार पैसे देणारं तेंदूपान तोडणं बंद करायचं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. तोड थांबली तशी झाडांना टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागू लागली, माणसांनी खाल्ली, पाखरांनी खाल्ली. आहार बदलला की नाही? कोणी ताट तपासायला गेलं नव्हतं.

जिल्हा परिषदेने करण्यासारखंही थोडं आहे. अंगणवाडीत पुडक्यातली सुकडी येते, ती अनेक घरांत कोंबड्या खातात. तो पैसा गावातल्या बचतगटाला द्या आणि गावचं धान, गावची डाळ, गावचं अंडं विकत घ्या. अमृत आहार योजनेत गरोदर बाईला शिजवलेलं एक वेळचं जेवण २०१५ पासून मिळतं, ही चांगली गोष्ट आहे. तिचे पैसे वेळेवर पाठवा. आणि कमी विषाच्या लाखोळीचं बी शेतकऱ्याला द्या.

हे शेवटचं जरा लवकर करा. धान कापून झाल्यावर बी मिळून उपयोग नाही; ओल गेलेली असते.