भिंगाआधी उजेड

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा तुम्ही पाहिलाच असेल. अशा वेळी आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती पट मोठे दिसते?’ माझ्या मते आपण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो. काम करणाऱ्या माणसाला नुसते मोठे दिसून भागत नाही. त्याला नीट दिसावे लागते, आणि हात चालवायला जागाही लागते. हे समजून घ्यायला धातूवर हाताने कोरणाऱ्या कारागिरासारखा दुसरा शिक्षक नाही.

आपल्या मुलखाला ही कला नवी नाही. १८०५ साली मिरजेला भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर हाताने अक्षरे कोरून. छाप सुलट उमटायचा तर पत्र्यावरचे अक्षर उलटे हवे. नाशिकची तांब्यापितळेची भांडी आणि चांदीकाम प्रसिद्धच आहे. नाशिकरोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाला. शंभराच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. बोटाला उंचवटा लागतो. धातूच्या पत्र्यावरील खाचांत भरलेली शाई मोठ्या दाबाखाली कागदाने उचलली, त्याची ती खूण.

आता विचार करा, शाळेतला संयुक्त सूक्ष्मदर्शक अशा कोरीवकामाला चालेल का? दहापट वस्तुभिंग वापरले तर भिंग आणि वस्तू यांत जेमतेम ७-८ मिलिमीटर अंतर उरते. चाळीसपट भिंगाखाली तर एक मिलिमीटरही नाही. मग कोरणी घालायची कोठे? शिवाय प्रतिमा उलटी. हात उजवीकडे न्यावा, तर डोळ्याला तो डावीकडे गेलेला दिसतो. म्हणून या कामासाठी दोन डोळ्यांनी पाहायचा, लोलकांनी प्रतिमा सुलट करणारा सूक्ष्मदर्शक वापरतात. जर्मनीत झाइस कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे उपकरण बनवले. त्यात भिंगाखाली सुमारे १० सेंटिमीटर जागा मिळते आणि खाचेची खोलीही कळते.

असे यंत्र जवळ असले तरी निम्मेच काम झाले. चकचकीत चांदी हा एक आरसाच असतो. त्यावर दिवा टाकला की दिव्याची झगझगीत प्रतिमा डोळ्यांत घुसते आणि कोरलेली रेघ दिसेनाशी होते. वर्धन वाढवले की ही झगमगही मोठी होते! उपाय साधा आहे. दिवा आणि धातू यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरचा पडदा धरा. आता सपाट पृष्ठभागात दिव्याऐवजी पांढऱ्या कागदाचे प्रतिबिंब पडते. खाचेच्या बाजू तिरप्या असल्याने त्या प्रकाश दुसरीकडे पाठवतात. उजळ पार्श्वभूमीवर काळी रेघ स्वच्छ उठून दिसते. घरातल्या नाव घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर मोबाइलच्या बॅटरीने हा प्रयोग आज रात्रीच करून पाहा. वीज नव्हती त्या काळी युरोपातले कोरणारे खिडकीजवळ अर्धपारदर्शक कागदाची चौकट लावत, ती याच कारणासाठी.

दिवा मिणमिणता असेल तर? पूर्वी कारागीर पाण्याने भरलेला काचेचा गोल वापरत. रॉबर्ट हूक यानेही १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दिव्यासमोर असा गोल ठेवलेला दाखवला आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ धरला, तर गोलाच्या मध्यापासून नाभीचे अंतर त्रिज्येच्या दुप्पट येते. म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचा गोल चंबू घेतला, तर दूरच्या दिव्याचा प्रकाश त्याच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवर एकवटेल. गणित करा आणि मोजून ताडून पाहा. मात्र हा चंबू उन्हात कधीही ठेवू नका. त्याने आग लागू शकते.

हे सारे कशासाठी? आपण चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतो, त्या शब्दातच याचे उत्तर आहे. दहा वर्षांच्या मुलाला ७-८ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. वयाबरोबर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि चाळिशीनंतर हे अंतर २५ सेंटिमीटरच्या पलीकडे जाते. तिप्पट दूर धरलेली वस्तू डोळ्याला एकतृतीयांशच दिसते. ज्या वयात कोरणाऱ्याचा हात सर्वांत तयार झालेला असतो, नेमक्या त्याच वयात डोळा माघार घेतो. वीस वर्षांच्या साधनेने कमावलेले कौशल्य केवळ नीट न दिसल्यामुळे वाया जावे, हे मला पटत नाही. योग्य भिंग आणि योग्य उजेड मिळाला तर त्याची आणखी कित्येक वर्षे कामाची ठरतील.

काही जण म्हणतील, ‘लेसर यंत्रे आली, आता हातकाम कोण करणार?’ यंत्रे आली हे खरेच. पण जुन्या दागिन्याची नक्षी उजळायची, वेड्यावाकड्या पृष्ठभागावर कोरायचे, तर अजूनही हातच उपयोगी पडतो. दुसरा आक्षेप असा, की घरगुती उपकरणे ओबडधोबड असतात. यात तथ्य आहे. भिंगे घरी घासत बसू नका, ती विकतच घ्या. ५ सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग पाचपट मोठे दाखवते, पण हाताला जागाही पाचच सेंटिमीटर देते. १० सेंटिमीटरचे भिंग अडीचपट दाखवते आणि दुप्पट जागा देते. त्यातले कोणते घ्यायचे ते कारागिराला विचारून ठरवा. भिंगाचा दांडा, दिव्याची बैठक, कागदाचा पडदा, उलटे अक्षर तपासायला सपाट आरसा, एवढे मात्र तुम्ही नक्की बनवू शकता.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. विज्ञान प्रदर्शनातली उपकरणे दोन दिवस टेबलावर मिरवतात आणि मग माळ्यावर जातात. त्याऐवजी एक अट घालून पाहा. प्रकाशाविषयीचे प्रत्येक उपकरण विद्यार्थ्याने आठ दिवस एखाद्या कोरणाऱ्याच्या, सोनाराच्या किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात ठेवावे. तो काय म्हणाला ते वहीत लिहावे. ‘दिवा डोळ्यांत येतो’, ‘मान दुखते’, ‘हात आपटतो’ अशा तक्रारींवरून उपकरण सुधारावे आणि मगच गुण द्यावेत. प्रकाशाचे नियम पुस्तकातून शिकता येतील, पण ते कोणाच्या उपयोगी कसे पडतात हे दुकानाच्या पायरीवरच कळेल.

आणि परीक्षेचा निकाल? नवव्या दिवशी तुम्ही उपकरण परत मागायला जाल, तेव्हा कारागीर म्हणाला, ‘राहू दे बाळ, अजून चार दिवस,’ की समजा, तुम्ही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालात.