स्नॉर्कल, फिल्टर आणि मराठवाड्याची धूळ

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता 2018 पासून पुढे काही वर्षे उखडलेला होता. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड या पट्ट्यातून त्या काळात रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा एअर बॉक्स ज्या मेकॅनिकने उघडला असेल, त्याला इथली धूळ काय चीज आहे हे वेगळे सांगायला नको. तरीही पावसाळा तोंडावर आला, की थार, गुरखा, जिम्नीचे मालक वर्कशॉपमध्ये येतात ते दोनच मागण्या घेऊन: स्नॉर्कल बसवा आणि पिकअप वाढेल असा फिल्टर टाका. धुळीबद्दल कुणी विचारत नाही. मालकाने विचारले नाही, तरी ते मेकॅनिकने विचारायला हवे.

थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. थारचे 2184 सीसीचे डिझेल इंजिन 2000 आरपीएमवर फिरत असेल, तर फोर-स्ट्रोकच्या हिशेबाने ते मिनिटाला सुमारे 2184 लिटर हवा ओढते. टर्बोचा दाब धरलाच नाही, तरी तासाला 131 घनमीटर हवा झाली. म्हैसमाळच्या बाजूच्या मुरमाच्या रस्त्यावर ताफ्यातली तिसरी-चौथी गाडी पुढच्यांच्या धुरळ्यात चालते. तिथे घनमीटरमागे एक ग्रॅम धूळ धरली, तर तासाभरात 131 ग्रॅम धूळ फिल्टरवर येऊन आदळते. 99.5 टक्के धूळ अडवणारा फिल्टर त्यातली साधारण 0.65 ग्रॅम आत सोडतो, तर 97 टक्के अडवणारा 3.9 ग्रॅम. खोक्यावर हे दोन आकडे जवळजवळ सारखेच वाटतात, पण रिंग आणि बोअरला सहापट धूळ खावी लागते.

आणि ही धूळ साधी नाही. खडी क्रशरच्या आसपास आणि मुरमाच्या रस्त्यावर उडते तो बेसाल्टचा भुगा असतो. त्याचे कण धारदार, आणि त्यातले फेल्डस्पार मोह्सच्या मापाने सहाच्या आसपास कठीण. काळ्या मातीचे कण त्याहून मऊ, पण इतके बारीक की फिल्टरचा पेपर बघता बघता बुजतो. टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलच्या कडा घासल्या जातात, ऑइल जास्त जळायला लागते, ब्लो-बाय वाढतो आणि मग एक दिवस इंजिन उतरवायची वेळ येते. तोवर फिल्टर बदलून दोन वर्षे झालेली असतात, त्यामुळे दोष त्याच्याकडे जातच नाही.

तेल लावलेला कॉटनचा फिल्टर वाईट असे कुणी म्हणणार नाही. रेसिंगच्या ट्रॅकवर, जिथे इंजिन वारंवार बांधले जाते, तिथे त्याची जागा आहे. पण इथल्या वापरासाठी तो निवडताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: आयएसओ 5011 चाचणीत किती टक्के धूळ अडली, आणि ती फाइन धूळ होती की कोर्स? उत्तर मिळाले नाही तर तो फिल्टर घेऊ नये. शिवाय धुतल्यावर त्याला तेल जास्त लागले, तर ते मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. कमी लागले, तर धूळ सरळ आरपार जाते. गर्दीच्या दिवशी हेल्परच्या हातून हे माप नेमके साधेलच, याची खात्री कोण देणार?

पिकअपचा दावाही मोजून बघता येतो, आणि त्यासाठी महागडे साधन लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्यावी, इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बांधावी, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. तिचे एक टोक फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला जोडायचे आणि दुसरे मोकळे ठेवायचे. नळीच्या दोन्ही बाजू दीड-दीड मीटर उंच हव्यात, नाहीतर पाणी आत ओढले जाईल. आता गाडी पूर्ण लोडवर चढावर न्यावी आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पाहावा. समजा तो 20 सेंटीमीटर आला. 20 सेंटीमीटर पाणी म्हणजे जेमतेम दोन किलोपास्कल. शहराच्या उंचीवर हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो. म्हणजे फिल्टर काढून टाकला, तरी दोन टक्क्यांच्या आसपासच हवा जास्त मिळणार. ग्राहकाला हे नळीवर दाखवले, की दहा हजारांच्या फिल्टरबद्दलचे बोलणे लवकर आटोपते. उलट फरक 60 सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर फिल्टर बुजलेला आहे. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी 25 इंच पाणी, म्हणजे सुमारे 63 सेंटीमीटर, हीच सहसा बदलण्याची मर्यादा धरतात.

मोजल्याशिवाय फिल्टर काढूच नये, हेही यातूनच येते. थोडा मळलेला पेपर नव्या पेपरपेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण बसलेली धूळच चाळणीचे काम करू लागते. पण आपल्याकडे दर सर्व्हिसिंगला एलिमेंट बाहेर काढून कॉम्प्रेसरची गन लावायची आणि पूर्ण दाबाने हवा मारायची पद्धत आहे. त्याने घड्या विस्कटतात, डोळ्याला न दिसणारी भोके पडतात, वारंवार काढल्याने रबरी कड बसेनाशी होते.

खरा खर्च करायचा तर तो फिल्टरच्या आधी करावा. चक्राकार फिरवून जड कण बाहेर फेकणारा सायक्लोन प्री-क्लीनर ट्रॅक्टरवर आपण रोज पाहतो. बारीक माती तो थांबवत नाही, पण जाड धुळीचा भार कमी झाल्याने मूळ पेपर कितीतरी जास्त टिकतो. 1915 मध्ये मिनेसोटात फ्रँक डोनाल्डसन यांनी एअर क्लीनर बनवला तो ट्रॅक्टरसाठीच, आणि आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांतला ऑइल बाथ तर हाताखालून गेलेला नाही असा जुना मेकॅनिक सापडणार नाही. शेतीच्या यंत्रांनी धुळीचा प्रश्न आधी सोडवला, ऑफ-रोडवाल्यांनी तिथूनच उचलावे.

आता स्नॉर्कल. फोर्सच्या गुरखाला तो कंपनीतूनच येतो आणि त्याचे तोंड टपापर्यंत जाते, तरी कंपनी पाण्याची मर्यादा सांगते 700 मिलिमीटर. स्नॉर्कल नसलेल्या 2020 च्या थारची मर्यादा 650. फरक फक्त 50 मिलिमीटरचा. कारण पाणी फक्त हवेच्या वाटेने घात करत नाही; वायरिंग, अल्टरनेटर, एक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर यांची उंची तीच राहते. पैठणच्या बाजूला गोदाकाठी छातीभर पाण्यात गाडी घालायचा परवाना मिळाला, असे समजणाऱ्या मालकाला हे आकडे दाखवावेत. या भागात स्नॉर्कलचा मोठा उपयोग उन्हाळ्यात आहे: टपाच्या उंचीवर धूळ विरळ असते आणि हवा बॉनेटखालच्या हवेपेक्षा थंड असते. बॉनेटखाली 70 अंश आणि बाहेर 40 अंश असेल, तर बाहेरची हवा साधारण साडेनऊ टक्के दाट. टर्बो-इंटरकूलरच्या गाडीत हा फायदा पुष्कळ कमी होतो, विनाटर्बो जिम्नीत जास्त जाणवतो.

बसवताना चूक होते ती सांध्यांत. फेंडरला गोल भोक पाडले, पण एअर बॉक्सच्या तळाचे पाणी निघायचे छिद्र तसेच उघडे राहिले, तर वरचा पाइप शोभेचा. काम झाल्यावर गाडी आयडलवर ठेवून स्नॉर्कलचे तोंड जाड रबरी शीटने झाकावे. इंजिन गुदमरून बंद पडले पाहिजे. चालूच राहिले, तर ते दुसरीकडून हवा ओढते आहे, आणि तिथूनच पाणी आणि धूळ जाणार. फिल्टरनंतरच्या होजच्या आत बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवावा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा उघडून बघावे. ग्रीसवर वाळूचा कण लागला, तर क्लॅम्प किंवा कड गळते आहे. वाळूज, चिकलठाण्याच्या वसाहतींत मोटारींचे रबरी आणि प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणारे कारागीर आहेत. मापाचे सील करून घ्यायला पुण्याला जायची गरज नाही.

फेंडरला ड्रिल लावण्याआधी दोन गोष्टी मालकाला स्पष्ट सांगाव्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे सांगितले आहे. म्हणून कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीला पहिली पसंती द्यावी आणि आरटीओत आधी विचारावे. दुसरे म्हणजे, पाणी शिरून इंजिन लॉक झाल्याचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर लागते. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल, तर कव्हर असूनही क्लेम अडू शकतो. हे बोलणे झाल्याची नोंद जॉब कार्डवर करावी, खाली मालकाची सही घ्यावी, आणि त्याच कार्डवर नळीवरचा आकडा लिहावा: कामाआधीचा आणि कामानंतरचा.