दप्तराचा ताबा कोणाकडे?

वऱ्हाडातील पतसंस्थांची, सहकारी सोसायट्यांची आणि शिक्षणसंस्थांची दप्तरे लाकडी कपाटांतून यंत्रांत गेली. अमरावतीस मुख्य कचेरी आणि अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर येथे शाखा असा विस्तार असलेल्या संस्थेस दोन यंत्रे लागतात. पहिले टर्मिनल सर्व्हर. त्या एकाच संगणकावर तीस-चाळीस कर्मचारी दुरून एकाच वेळी काम करतात आणि त्यांच्या मेजावर केवळ पडदा व कळफलक असतो. दुसरे, सर्वांच्या फायली सांभाळणारे फाइल सर्व्हर. पहिले बहुधा विंडोजचे असते. दुसरे युनिक्स वळणाच्या लिनक्सवर ‘सांबा’ ही मुक्त प्रणाली बसवून उभे करता येते. या दोहोंची जोडणी हे तंत्रज्ञाचे किरकोळ काम समजून संचालक मंडळे ते पुरवठादारावर सोपवितात. दप्तराचा ताबा कोणाकडे राहील, हे मात्र त्याच जोडणीत ठरते.

सांबा प्रथम जानेवारी १९९२ मध्ये प्रसृत झाली. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून ती रचली. (नावाचा सांब सदाशिवाशी संबंध नाही, एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द कोशात शोधला, तो हा.) मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरांच्या परस्परसंभाषणाचे नियम पुढे दडवून ठेवले. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावून ते खुले करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला, आणि त्याच डिसेंबरात १०,००० युरो मोजून ती कागदपत्रे सांबाच्या कार्यकर्त्यांच्या हाती आली. वऱ्हाडातल्या एखाद्या सोसायटीला आज जी मोकळीक लाभते, तिच्यामागे हा झगडा आहे.

मात्र भाबडेपणा नको. टर्मिनल सर्व्हर विंडोजचे असेल, तर माणशी वा यंत्रागणिक परवाना भरावाच लागतो. फायली सांबावर ठेवल्याने तो जकातनाका उठत नाही. फायलींचे यंत्र तेवढे त्यातून सुटते. कामाची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालत असतील, तर एक्सआरडीपीच्या साह्याने टर्मिनल सर्व्हरही लिनक्सचेच करता येते आणि तो नाका टळतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे भंगारात निघालेले संगणक लिनक्स घालून पडद्याच्या कामास अजून वर्षानुवर्षे चालतील.

जोडणीत एक मोठी मेख आहे. सांबा प्रत्येक येणाऱ्या यंत्रासाठी सामान्यतः स्वतंत्र प्रक्रिया चालविते. टर्मिनल सर्व्हरवरील चाळीस जण तिच्या दृष्टीने एकाच यंत्रातून, एकाच जोडणीतून येऊ शकतात. मग चाळिसांचा भार एका प्रक्रियेवर पडतो; ती कोसळली की चाळिसांच्या उघड्या फायली एकदम तुटतात. यंत्राच्या नावावरून ठरविलेले अधिकारही तेथे निरुपयोगी ठरतात. अधिकार व्यक्तीवरून आणि गटावरून बांधावेत. रोखपालास कर्जखात्याची आणि शिपायास वेतनपत्रकाची दारे खुली राहू नयेत.

दुसरे पथ्य जागेचे. ही दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच वेगवान तारेवर असावीत. फायलींची देवाणघेवाण बडबडी असते. अमरावती-अकोला या जवळपास शंभर किलोमीटरांच्या भाड्याच्या तारेवरून ती रखडते. पडद्याचे चित्र आणि कळांचे ठोके तेवढे त्या तारेवरून, तेही सुरक्षित वाटेने, जावेत. जुनी एसएमबी-१ पद्धत बंदच ठेवावी. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ने तिच्यातल्याच भगदाडातून जगभरची यंत्रे ओलीस धरली होती.

करारावर सही करण्यापूर्वी संस्थेतील कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सर्व्हरचा मुख्य परवलीचा शब्द संस्थेच्या सचिवाकडे मोहोरबंद लिफाफ्यात राहील, सांबाच्या मांडणीची फाइल संस्थेच्या मालकीची असेल, आणि दप्तराची नक्कल दर आठवड्यास दुसऱ्या गावी ठेवून, ती उघडते की नाही हे सभासदांसमोर तपासले जाईल.