कातळाचा नकाशा आणि वाडीचे नाव

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावर वसलेली इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. कोसळता पाऊस, किर्र काळोख आणि पायवाटेखेरीज वर जाण्यास दुसरा मार्ग नाही, अशा स्थितीत बचावकार्य चालले. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला, तेव्हा कित्येकांचे देहही हाती लागलेले नव्हते. पुढे विधिमंडळात सरकारकडून जे सांगण्यात आले, ते या दुर्घटनेइतकेच विचार करायला लावणारे होते. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते.

या एका वाक्यावर तेव्हा बरेच राजकारण झाले. ते बाजूला ठेवले, तरी मूळ प्रश्न उरतोच. दरड कुठे कोसळू शकते, हे यादीने सांगायचे की नकाशाने? यादी ही नावांची असते. महसुली गावाचे नाव तीत येते. त्या गावाच्या हद्दीतील, डोंगराच्या कुशीतल्या, वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाड्या आणि पाडे येतातच असे नाही. शिवाय पूर्वी जेथे काही घडले, ते गाव यादीत सहज शिरते; जेथे अद्याप काही घडलेले नाही, पण कातळ, माती, उतार आणि पाणी यांची तीच जुळणी आहे, ते स्थान मात्र बाहेर राहते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दीडशेहून अधिक माणसांसह नाहीसे झाले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गेले. प्रत्येक वेळी यादी लांबली. डोंगर मात्र एका सलग पाषाणरचनेचा आहे, आणि त्या रचनेचे वर्णन करणारे साधन या देशात फार जुने आहे. ते साधन म्हणजे भूशास्त्रीय नकाशा.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ साली कोलकात्यात झाली. थॉमस ओल्डहॅम या आयरिश भूवैज्ञानिकाकडे तिची धुरा होती आणि मुख्य हेतू कोळशाचा शोध हा होता. राज्यकर्त्यांना हवे होते इंधन; पण त्या निमित्ताने हातोडी आणि होकायंत्र घेऊन पायी हिंडणाऱ्यांची एक परंपरा उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर भारतीय भूवैज्ञानिकांनी ती पुढे नेली, आणि आज १ : ५०,००० या प्रमाणावर देशाचा नकाशांकनास योग्य असा जवळजवळ सगळा भूभाग तपासून झालेला आहे. या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. अशा एका पत्रकात महाराष्ट्राच्या अक्षांशावर सुमारे ७०० चौरस किलोमीटर प्रदेश मावतो. एकेका पत्रकामागे भर उन्हात केलेली पायपीट आहे, दगडांचे नमुने आहेत, डायऱ्या आहेत. हे राष्ट्रीय धन होय, यात शंका नाही. पण दीर्घकाळ हे धन कागदावर होते, आणि कागदाला प्रश्न विचारता येत नाही.

नेमक्या याच कारणासाठी कागदी नकाशांचे संगणकीय भू-माहितीसंचात रूपांतर करण्याचे काम महत्त्वाचे ठरते. सर्वसामान्य समज असा, की नकाशा यंत्रात घालून त्याची प्रतिमा काढली, की झाले संगणकीकरण. तसे नव्हे. प्रतिमा म्हणजे नुसते चित्र. नकाशावर काळ्या रेषेने वेढलेला रंगाचा तुकडा माणसाला 'बेसाल्ट' म्हणून ओळखता येतो. यंत्राला तो केवळ रंग असतो. माहितीसंच करायचा, तर आधी त्या चित्राला पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवावे लागते, मग प्रत्येक रेषा पुन्हा गिरवावी लागते, रेषांनी वेढलेले प्रत्येक क्षेत्र फट न राहता आणि एकावर एक न चढता बंद करावे लागते, आणि अखेरीस प्रत्येक क्षेत्राच्या मागे एक कोष्टक जोडावे लागते. हा खडक कोणता, कोणत्या काळातला, किती झिजलेला, कोणी पाहिला, केव्हा पाहिला? हे सारे झाल्यावरच विचारता येते: जेथे उतार तीव्र आहे, कातळावर मुरूम आणि मातीचा जाड थर आहे, वरून घळ उतरते आहे आणि खाली वस्ती आहे, अशा सगळ्या जागा दाखव. उताराची माहिती तर २००५ साली सोडलेल्या आपल्याच कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या प्रतिमांवरून तयार झालेली आहे. त्या उत्तरात गावाचे नाव नसले तरी चालते, जागा असते.

यातील पहिली पायरीच बऱ्याचदा घात करते. जुने सर्वेक्षण पत्रक एव्हरेस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या गणिती आकारावर बेतलेले आहे. हातातील मोबाइल आणि उपग्रह दुसरा, जागतिक आकार मानतात. दोन्हींतील अक्षांश-रेखांशांचे आकडे सारखेच दिसतात, पण महाराष्ट्रात त्यांत शंभर मीटरहून अधिक अंतर पडते. कागदावरचे आकडे जसेच्या तसे यंत्रात भरले, तर अख्खा डोंगर शंभर मीटर सरकतो. शहरातल्या माणसाला शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. घळीच्या तोंडाशी असलेल्या झोपडीला ते सर्व काही आहे. शिवाय पावसाळी हवेत कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि प्रतीवरून प्रत काढताना आणखी वाकतो, ते वेगळेच.

दुसरी अडचण दोन पत्रकांच्या शिवेवर येते. शेजारची दोन पत्रके बहुधा दोन वेगळ्या भूवैज्ञानिकांनी, वेगळ्या दशकांत केलेली असतात. एकाने रेषा ओढत आणली ती कागदाच्या कडेवर संपते. दुसऱ्याच्या कागदावर ती सुरूच होत नाही, किंवा चार बोटे वर सुरू होते. सह्याद्रीत तर नावांचाही घोळ आहे. सर्वेक्षणाच्या मांडणीत येथील लाव्ह्याच्या थरांना साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी नावे आहेत. विद्यापीठीय संशोधकांनी थरांच्या रासायनिक घटकांवरून केलेल्या मांडणीत जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी आणि पुन्हा महाबळेश्वर, अशी दुसरी माळ आहे. 'महाबळेश्वर' दोन्हींत आहे आणि दोन्हींत त्याचा अर्थ एकच नाही! कागदावर हे खपून जाते, कारण वाचणारा तज्ज्ञ मनातल्या मनात दुरुस्ती करतो. यंत्र करीत नाही. म्हणून माहितीसंचात दोन्ही नावांना स्वतंत्र रकाने हवेत, आणि शिवेवरचा वाद कचेरीत बसून नव्हे, तर त्या जागी जाऊन मिटवायला हवा.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा फार थोडी होते. भूवैज्ञानिक नकाशात अखंड रेषा, तुटक रेषा आणि ठिपक्यांची रेषा असे प्रकार वापरतो. अखंड रेषा म्हणजे दोन खडकांची सीमा प्रत्यक्ष पाहिली. तुटक म्हणजे ती साधारण येथे आहे. ठिपके म्हणजे माती किंवा झाडीखाली ती असावी, असा तर्क. ही त्या शास्त्रातील प्रामाणिकपणाची खूण आहे. पण डोंगर कधी न पाहिलेल्या, कंत्राटावर नेमलेल्या मुलाकडून दिवसाला इतकी पत्रके या हिशेबाने गिरवून घेतले, तर तीनही रेषा एकसारख्या होतात. तर्क आणि दर्शन यांतला भेद पुसला जातो. त्यात भर म्हणजे पडद्यावर नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो. १ : ५०,००० च्या पत्रकावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. ती रेघ फुगवून एखाद्याच्या परसदारातून नेली आणि 'घराचा हा भाग सुरक्षित, तो धोक्याचा' असे म्हटले, तर तो विज्ञानाचा अपमानच ठरेल. संगणक अचूकता देत नाही. जी आहे तीच सांभाळतो, किंवा नसलेलीचा आभास निर्माण करतो. म्हणून प्रत्येक रेषेच्या मागे तिच्या खात्रीचा रकाना असणे ही तांत्रिक चैन नव्हे.

या संदर्भात गुप्ततेचाही विचार करायला हवा. नकाशे शत्रूच्या हाती पडू नयेत, ही काळजी योग्यच होती. पण तिच्यापायी सीमा आणि किनारपट्टीची पत्रके दशकानुदशके कुलुपात राहिली, आणि आपल्याच अभियंत्याला आपल्याच तालुक्याचे पत्रक मिळवण्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. परकीय उपग्रह मात्र वरून सगळे पाहत होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी खुली अशी एक, अशा दोन मालिका केल्या. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना नकाशे करण्याची मोकळीक दिली आणि सूक्ष्म तपशिलाची माहिती देशातच साठवण्याचा दंडकही घातला. हा तोल योग्य आहे. सर्वेक्षणाने आपले माहितीसंच 'भूकोश' या नावाने खुले केले, आणि १९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराचे उद्घाटन झाले. ते उभारण्यात गांधीनगरच्या, भास्कराचार्यांचे नाव धारण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा वाटा आहे. या भांडाराचा गाजावाजा मात्र झाला तो मुख्यतः खनिजांच्या संदर्भात. खाण उद्योगाला माहिती मिळावी, हे उचितच. वाडीवरच्या कातकरी आणि ठाकर कुटुंबालाही तिचा तेवढाच अधिकार आहे.

खनिजांचाच दाखला घ्यायचा, तर प्रमथनाथ बोस यांचा घ्यावा. १८८० साली ते सर्वेक्षणात अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढे त्यांना डावलून सेवेने कनिष्ठ असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला प्रमुखपद देण्यात आले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. मयूरभंज संस्थानासाठी काम करताना गोरुमहिसाणीच्या डोंगरात त्यांना लोहखनिजाचा मोठा साठा आढळला. तो अहवाल कुणा कपाटात ठेवून ते स्वस्थ बसले नाहीत. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिले, आणि त्या पत्रातून पुढे साकचीचा पोलाद कारखाना, म्हणजे आजचे जमशेदपूर, उभे राहिले. ज्ञान होते म्हणून नव्हे, तर ज्याला हवे त्याच्यापर्यंत ते वेळेवर पोचले म्हणून हे घडले.

दरडींच्या बाबतीत हेच पोचणे अपुरे पडते आहे. २०१४ पासून सर्वेक्षणाने भूस्खलनप्रवण प्रदेशाचे, सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटरचे, १ : ५०,००० प्रमाणावर नकाशांकन हाती घेतले, त्यात पश्चिम घाटही येतो. पण हा नकाशा कोणता भाग अधिक प्रवण आहे, एवढेच सांगतो. अमुक वाडी रिकामी करा, असे सांगत नाही. त्यासाठी त्यावर वाड्यांची अचूक स्थाने, नव्याने खोदलेले रस्ते, सपाटीकरण केलेले उतार, बुजवलेले ओहळ हे सारे चढवावे लागते आणि संशयित जागी प्रत्यक्ष जावे लागते. ही माहिती कोलकात्यात नाही, मुंबईतही नाही. ती तलाठ्याकडे, कोतवालाकडे, वनरक्षकाकडे आहे, आणि डोंगरी भागात नित्य जाणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांकडे आहे. दरड कोसळल्यावर धावून जाणारे हात या राज्यात कधी कमी पडले नाहीत. तेच हात आधी वाडीत जाऊन मोबाइलवर तिचे स्थान नोंदवू शकतात, घरांच्या वर जमिनीला पडलेली नवी भेग, तिरकी झालेली झाडे, अचानक फुटलेला झरा टिपू शकतात.

जमिनीच्या पोटातील माहितीही अशीच विखुरलेली आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर केलेल्या वेधनात लाव्ह्याचा थर साडेतीनशे मीटरच्या आत संपला. कोयना परिसरात तोच थर किलोमीटरहून जाड निघाला. पृष्ठभागाचा नकाशा हे दाखवू शकत नाही. पण महाराष्ट्रात विहीर खोदणाऱ्याला कोणत्या खोलीवर मुरूम लागला, कोठे मांजऱ्या, कोठे काळा पाषाण आणि कोठे गेरूचा थर, हे ठाऊक असते. धुळे-नंदुरबारकडच्या शेतकऱ्याला पाषाणाच्या उभ्या भिंतीच्या कोणत्या अंगाला पाणी लागते, तेही ठाऊक असते. असंख्य विहिरी आणि विंधनविहिरी खोदल्या गेल्या. त्यांतून निघालेले हे ज्ञान बहुतांशी चुऱ्याबरोबर बांधावर पडले.

महाराष्ट्रातील भूशास्त्र विभागांचे विद्यार्थी दरवर्षी क्षेत्रभेटीला जातात, खडक तपासतात, वह्या भरतात आणि गुण मिळाले की त्या वह्या रद्दीत जातात. एकेका महाविद्यालयाकडे एकेका तालुक्यातील संशयित उतार सोपवावेत. विद्यार्थ्यांच्या नोंदी सर्वेक्षणाच्या भूवैज्ञानिकाने तपासाव्यात, खात्रीच्या रकान्यासह माहितीसंचात घ्याव्यात, आणि त्यावरून निघालेला, वाड्यांची नावे मराठीत असलेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनावर घेतले, तर पहिल्या टप्प्यातील तालुक्यांचे हे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी, मार्च ते मे या तीन महिन्यांत होण्यासारखे आहे.