गुरू नव्हे, कल्याणमित्र
गुरू केल्यावाचून गती नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भगवान बुद्धांची दृष्टी निराळी आहे. वीमंसक सुत्तात ते भिक्खूंना खुद्द तथागतालाच पारखून घ्यायला सांगतात. महापरिनिर्वाणापूर्वी त्यांनी वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच पुढचे मार्गदर्शक ठरवले.

म्हणजे शिक्षक नकोच, असे नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनीही भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली. पण त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास होता.

माझ्या मते शिक्षक कल्याणमित्र असावा. त्याला निर्भयपणे प्रश्न विचारता यावेत, त्याची उक्ती आणि कृती ताडून पाहता यावी. प्रश्न विचारताच जो रागावतो, त्याच्या पायांवर डोके ठेवण्याआधी, मित्रहो, ते वापरून पाहावे!