फळं वाटू नका, बसायला जा!

कुर्डुवाडीकर बंधू-भगिनींनो,

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावली, पुढे वर्कशॉप आलं आणि आपलं गाव वाढलं. त्याच स्टेशनवरून आपली पोरं पुण्या-मुंबईला गेली. पोटासाठी गेली, त्यांना दोष नाही. पण मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काय?

सकाळी मेसचा डबा दाराच्या कडीला लटकतो आणि दुपारी तसाच असतो. एकट्यानं जेवण घशाखाली उतरत नाही. शेजारी म्हणतो, "मुलगा महिन्याला पैसे पाठवतो, त्यांना काय कमी?" कमी आहे ती माणसाची! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू एकटेपणाशी निगडित आहेत. तेव्हा 'हा त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून कुणीही हात झटकू नयेत.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखाली दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, आणि ते कार्यालय आपल्याच गावात आहे. पण दोन शब्द बोलणारं माणूस कुठलंही कार्यालय मंजूर करू शकत नाही. ते गावानंच द्यायचं असतं.

याच कायद्याच्या नियमांत म्हटलंय, की पोलीस ठाण्यानं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन, त्यांच्या घरी जावं. म्हणजे स्वयंसेवकाची जागा नियमातच आहे. ती भरायची आपण!

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन येतो. त्या दिवशी केळी वाटायची, फोटो काढायचा आणि वर्षभर त्या गल्लीत फिरकायचं नाही, ही सेवा नव्हे. खरी सेवा अशी:

• आठवड्यातून एक तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जा. त्या वाराची वाट पाहिली जाते. खाडा करू नका.
• सुरुवातीला दोघं मिळून जा. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कळवून जा.
• ऐका. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी ऐका. उपदेश नको.
• पैसे, एटीएम कार्ड, ओटीपी, घराची कागदपत्रं यांना हात लावू नका.
• जेवण सुटलं, औषध चुकलं, पडझड झाली, तर लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. अडचण मोठी असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. पोलीस ठाण्यानं यादी अद्ययावत करावी, नगरपरिषदेनं वॉर्डनिहाय स्वयंसेवक नेमावेत, महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेत हे काम घ्यावं.

पण तोवर थांबू नका. तुमच्या गल्लीत एकटं राहणारं माणूस तुम्हाला माहीत आहे. या रविवारी त्यांच्याकडे जा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा.

— आपलेच काही कुर्डुवाडीकर

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारी द्या.)